माल्बोर्कचा किल्ला शत्रूने बांधलेला असताना पोलिश लोक तो आपला का मानतात?

प्रश्न : रंकाळाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. येत्या जुलैमध्ये आम्ही उभयता मुलाकडे ग्दान्स्कला जाणार आहोत आणि त्याने त्यातले दोन दिवस माल्बोर्क या किल्ल्याच्या गावासाठी राखून ठेवले आहेत. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला पोलंड हे नाव तसे परके नसते, कारण १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले आणि आमच्या घरातली वडीलधारी मंडळी ‘पोलंडवाल्यांची छावणी’ असा उल्लेख अगदी शेजारच्या पेठेचा करावा तसा करीत. त्यामुळे या देशाविषयी आपुलकी आहे, पण माहिती तुटपुंजी आहे.

जाण्यापूर्वी वाचायला बसलो आणि गोंधळून गेलो. हा किल्ला पोलिश राजांनी नव्हे, तर ट्युटॉनिक सरदारांच्या, म्हणजे शस्त्र धरणाऱ्या ख्रिस्ती व्रतस्थांच्या, जर्मन धर्मसंघाने बांधला. १४१० मध्ये पोलिश सैन्याने त्याला वेढा घातला, पण तो हाती आला नाही. १९४५ पर्यंत गावात बहुसंख्य वस्ती जर्मनांचीच होती. असे असताना आजचे पोलिश लोक या किल्ल्याची इतक्या निगुतीने देखभाल करतात आणि त्याला आपल्या देशाचा वारसा म्हणून मिरवतात, ते कोणत्या नात्याने? हा प्रश्न मी खोडसाळपणे विचारीत नाही, मला तो खरोखर उलगडलेला नाही.

दुसरा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींचा आहे. त्यांना तटबुरुजांत फारसा रस नाही. पन्हाळ्यावर गेलो तरी मी तीन दरवाजापाशी रेंगाळतो आणि त्या झुणका-भाकरीची चौकशी करतात. किल्ला वगळला तर माल्बोर्कमध्ये गाव म्हणून पाहण्याजोगे, अनुभवण्याजोगे काही आहे का?

उत्तर १ : दुर्गवेध

सर, आपल्या पहिल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी तपासू. किल्ला ज्याने बांधला त्याचाच तो, हा हिशेब आपण पन्हाळ्याला लावत नाही. पन्हाळा शिलाहार भोजाचा, तीन दरवाजा आदिलशाहीतला, तरीही तो परक्यांचा गड आहे असे कोल्हापुरात कोणाच्या मनातही येत नाही. माल्बोर्कच्या बाबतीत तर वर्षांचा हिशेबही पोलिशांच्या बाजूने पडतो. धर्मसंघाच्या महागुरूने, म्हणजे संघाच्या प्रमुखाने, आपले मुख्य ठाणे व्हेनिसहून माल्बोर्कला हलवले ते १३०९ मध्ये, आणि ते त्याच्या हातून गेले १४५७ मध्ये. म्हणजे राजधानी म्हणून त्यांच्याकडे १४८ वर्षे. त्यानंतर १४५७ पासून १७७२ मधल्या पोलंडच्या पहिल्या फाळणीपर्यंत किल्ला पोलिश राजांच्या ताब्यात होता, म्हणजे ३१५ वर्षे, दुपटीहून अधिक.

आता तो हातात कसा आला, हा भाग मला सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. १५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्दच्या रणात पोलंडचा राजा व्वादिस्वाव याग्येव्वो आणि लिथुआनियाचा व्हितौतास यांच्या संयुक्त सैन्याने धर्मसंघाचा धुव्वा उडवला आणि महागुरू उलरिख फॉन युंगिंगेन रणातच पडला. माल्बोर्क त्या वेळी जवळपास मोकळे पडले होते. पण राजाचे सैन्य येऊन पोहोचण्यापूर्वी हाइनरिख फॉन प्लाउएन नावाचा सरदार हाताशी असलेली शिबंदी घेऊन आत शिरला आणि वेढा घालणाऱ्यांना आडोसा मिळू नये म्हणून त्याने किल्ल्याच्या पायथ्याचे गाव स्वतःच जाळून टाकले. सप्टेंबरमध्ये राजाला वेढा उठवून परतावे लागले. वेढ्याच्या हकिकतीत गाव कोणाच्या खिजगणतीत नसते, म्हणून हा तपशील मुद्दाम सांगितला. किल्ला वाचला तो गावाची राख करून.

जे याग्येव्वोला तोफांनी जमले नाही ते त्याचा मुलगा काझीमिएश चौथा याला थकलेल्या पगाराने मिळवून दिले. १४५४ मध्ये सुरू झालेल्या तेरा वर्षांच्या युद्धात धर्मसंघाने बोहेमियातून भाडोत्री सैनिक आणले होते, त्यांना द्यायला खजिन्यात पैसा उरला नाही आणि हमी म्हणून खुद्द माल्बोर्क त्यांच्याकडे गहाण टाकावे लागले. त्या सैनिकांनी १४५७ मध्ये किल्ला पोलिश राजाला १,९०,००० सुवर्ण फ्लोरिनांना विकून टाकला. शिबंदीचा पगार थकला की काय होते, हे आपल्याकडच्या किल्ल्यांच्या इतिहासातही वाचायला मिळते, पण मुख्य ठाण्याचेच खरेदीखत व्हावे असे उदाहरण विरळाच.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी धर्मसंघाने गाव परत जिंकून घेतले आणि किल्ला राजाकडेच राहिला. एकाच तटाला लागून असलेल्या या दोन वस्त्या जवळपास तीन वर्षे एकमेकींविरुद्ध लढत होत्या. गावाचा नगराध्यक्ष बार्थोलोमेउस ब्लूमे धर्मसंघाच्या बाजूने गाव लढवत राहिला. ऑगस्ट १४६० मध्ये गाव पडले आणि त्याचा शिरच्छेद झाला. १४६६ च्या तोरुनच्या तहाने हा प्रदेश पोलिश राजाकडे आला, पण गावातली भाषा प्रामुख्याने जर्मनच राहिली आणि ते जर्मन बोलणारे नागरिक पुढची तीनशे वर्षे पोलिश राजाची प्रजा म्हणून राहिले. भाषा एक, राजा दुसरा, ही स्थिती त्या काळी कोणाला विचित्र वाटत नव्हती. आपला गोंधळ होतो तो एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रवादाचा चष्मा पंधराव्या शतकाला लावल्यामुळे.

आणि तो चष्मा नेमका याच किल्ल्यावर घासून तयार झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. १७७२ च्या फाळणीत हा प्रदेश प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला, त्या राजवटीने या वास्तूची बराक केली, पुढे कोठार केले आणि जुन्या कमानी फोडून मजले काढले. डेव्हिड गिली नावाचा सरकारी वास्तुतज्ज्ञ १७९४ मध्ये पाहणीला आला, तो या वास्तूचे कोठारात रूपांतर करता येईल का हे ठरवण्यासाठी. त्याच्याबरोबर आलेल्या त्याच्या मुलाने, फ्रीडरिख गिलीने, किल्ल्याची चित्रे काढली आणि ती बर्लिनमध्ये प्रदर्शित झाल्यावर लोकांना कळले की आपण काय पाडायला निघालो आहोत. बाप मोडायला आला आणि मुलाने तारले. १८०३ मध्ये माक्स फॉन शेंकेनडोर्फ या कवीने वृत्तपत्रातून या पाडापाडीचा निषेध केला आणि १८०४ मध्ये राजाज्ञेने ती थांबली. त्यानंतर १८१७ पासून डागडुजी सुरू झाली, तिला खरी शिस्त आली ती १८८२ ते १९२२ अशी चाळीस वर्षे हे काम पाहणाऱ्या कोनराड श्टाइनब्रेख्टमुळे. मात्र याच काळात जर्मन साम्राज्याने माल्बोर्कला ‘पूर्वेकडचा आमचा पहारा’ असे रूप दिले आणि पोलिशांच्या मनात धर्मसंघाच्या पांढऱ्या झग्यावरचा काळा क्रूस हे जुलमाचे चिन्ह होऊन बसले. आपल्याला जे कोडे वाटते आहे, ते त्या दोन प्रतिमांच्या भांडणातून आले आहे.

उत्तर २ : बाल्टिककाठचा कोल्हापुरी

काका, मी गेली नऊ वर्षे ग्दान्स्कमध्ये नोकरीनिमित्त राहतो आणि गावाकडून कोणी आले की माल्बोर्कची फेरी ठरलेलीच असते. ग्दान्स्कहून अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे आणि रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येते. दुर्गवेध यांनी इतिहास सांगितला आहे, मी गावाविषयी लिहितो, कारण काकूंच्या प्रश्नाला सहसा कोणी उत्तर देत नाही.

आधी अपेक्षा थोडी खाली आणावी लागेल. ग्दान्स्क किंवा तोरुनसारखा रंगीत घरांचा जुना चौक माल्बोर्कमध्ये नाही. १९४५ च्या जानेवारी ते मार्चमध्ये इथे जर्मन आणि सोव्हिएत सैन्यांची घनघोर लढाई झाली, किल्ल्याचा निम्मा भाग कोसळला आणि त्याला लागून असलेले जुने गाव जवळजवळ नष्ट झाले. युद्धानंतर त्या गावाच्या विटा वेचून वॉर्सा पुन्हा उभारण्यासाठी पाठवण्यात आल्या आणि रिकाम्या झालेल्या जागेवर पुढे साध्या, चौकोनी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. म्हणूनच आज किल्ल्याच्या गॉथिक तटाला खेटून वाळत घातलेले कपडे आणि गॅलरीतल्या फुलांच्या कुंड्या दिसतात. अनेक प्रवासी या दृश्याने हिरमुसतात. मला मात्र या गावाची खरी ओळख तिथेच होते. जुन्या गावाच्या खुणा म्हणून दोन वेशी, संत योहानाचे चर्च आणि नोगात नदीच्या कडेची लॅटिन शाळा एवढे उरले आहे. ही शाळा मूळची चौदाव्या शतकातली, अनेक वर्षे तिचे नुसते भग्नावशेष होते, आणि अलीकडे ती पुन्हा उभारून तिथे सांस्कृतिक व शैक्षणिक उपक्रम सुरू केले आहेत. काकूंना ती नक्की आवडेल.

गावाची लोकसंख्या ३८ हजारांच्या आसपास आहे आणि १९४५ पूर्वी इथे राहिलेल्या घराण्यांपैकी फारच थोडी आज सापडतील. जर्मन रहिवासी पळाले किंवा त्यांना घालवण्यात आले. त्यांच्या जागी मध्य पोलंडमधून आणि सोव्हिएत संघाकडे गेलेल्या पूर्वेकडच्या प्रांतांतून, म्हणजे विल्नो, व्होलिनिया अशा भागांतून, लोक आले. १९४७ मध्ये पोलंडच्या आग्नेय भागातून सक्तीने हलवलेल्या युक्रेनी कुटुंबांपैकीही अनेकांना या परिसरात वसवण्यात आले. त्यामुळे इथल्या घरांत सणाला काय शिजते हे त्या घरची आजी कुठून आली यावर ठरते. आंबट राईच्या पिठाचे झुरेक नावाचे सार आणि पिएरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या, करंजीच्या आकाराच्या पारी, या तर सगळीकडे मिळतातच, काकूंची झुणका-भाकरीची उणीव थोडी भरून निघेल.

आजूबाजूचा मुलूखही पाहण्यासारखा आहे. नोगात ही व्हिस्तुला नदीची शाखा असून या नद्यांच्या मुखाकडच्या सपाट प्रदेशाला झुवावी म्हणतात. त्याचा काही भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. सोळाव्या शतकात नेदरलँड्सकडून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी बांध, चर आणि पवनचक्क्या यांच्या जोरावर हा दलदलीचा मुलूख शेतीखाली टिकवला. त्यांची पुढे खांबांची ओसरी असलेली लाकडी घरे काही खेड्यांत अजून उभी आहेत. पुराच्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेला व्यवहार पंचगंगेकाठच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

किल्ल्यातले दोन-तीन तपशील काकूंसाठी राखून ठेवा. महागुरूच्या वाड्यातल्या उन्हाळी भोजनगृहाचे सगळे छत एकाच दगडी खांबावर ताडाच्या झावळ्यांसारखे पसरलेले आहे आणि तिथे भिंतीत रुतलेला तोफेचा एक गोळा दाखवतात. दंतकथा अशी की १४१० च्या वेढ्यात आतल्या एका फितुराने खिडकीत लाल टोपी टांगून खांबाची दिशा दाखवली होती, म्हणजे एका गोळ्यात छत कोसळून सगळे सरदार खाली गाडले जातील. गोळंदाजाचा नेम थोडक्यात चुकला. दुसरे, दालने गरम ठेवण्याची व्यवस्था पाहा: तळघरातल्या भट्टीत दगड तापवून त्यांची उष्ण हवा जमिनीतल्या झाकणाच्या छिद्रांतून वर सोडीत. बाल्टिकच्या थंडीत इतक्या मोठ्या वास्तूत माणसे कशी राहिली, याचे उत्तर तिथे मिळते. आणि अंबराचे, म्हणजे झाडाचा चीक युगानुयुगे घट्ट होऊन बनलेल्या पिवळसर खड्यांचे, दालन चुकवू नका. या किनाऱ्यावरच्या अंबराच्या व्यापारावर धर्मसंघाची मक्तेदारी होती, त्यापासून जपमाळा बनत, आणि संघाच्या तिजोरीत त्या व्यापाराचा चांगलाच वाटा होता.

उत्तर ३ : साधा वाचक

सगळी माहिती वाचून एक शंका मनात येते. निम्मा किल्ला १९४५ नंतर बांधला, उरलेल्यातला बराच भाग श्टाइनब्रेख्टने एकोणिसाव्या शतकात घडवला. मग आपण मध्ययुग पाहायला जातो की मध्ययुगाची नक्कल? आपल्याकडे एखाद्या बुरुजाला नवा चिरा बसवला तरी वर्तमानपत्रांत ओरड होते, आणि तिकडच्या नव्या विटांचे मात्र आपण कौतुक करतो, हे मला पटत नाही.

उत्तर ४ : दुर्गवेध

शंका रास्त आहे आणि तिला मी पूर्ण उत्तर देऊ शकेन असे वाटत नाही. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. १९९७ मध्ये युनेस्कोने माल्बोर्कला जागतिक वारसास्थळ ठरवले तेव्हा मूळ बांधकामाइतकेच महत्त्व तिथल्या जीर्णोद्धाराच्या परंपरेला दिले, कारण वास्तुसंवर्धनात आज सर्वमान्य असलेल्या अनेक पद्धती तिथेच विकसित झाल्या, आणि मध्ययुगीन कारागिरीतल्या विस्मृतीत गेलेल्या काही हातोट्याही तिथे काम करतानाच पुन्हा गवसल्या. दुसरी गोष्ट, तिथे नवे-जुने लपवलेले नाही. पूर्वेकडच्या भिंतीजवळ उभे राहिले की विटांच्या रंगातला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो आणि लढाईत कोणता भाग गेला हे पाटी न वाचता समजते.

१९५९ मध्ये किल्ल्याच्या एका भागाला आग लागली तेव्हा हे अवशेष असेच सोडून द्यावेत की सावरावेत, हा प्रश्न पोलिशांपुढेही होता. ज्या वास्तूच्या नावाने त्यांचा दीडशे वर्षे पाणउतारा झाला होता, ती पडू दिली असती तर फारसे कोणी हळहळले नसते. त्यांनी सावरण्याचा निर्णय घेतला, आणि १९६१ मध्ये तिथे संग्रहालय स्थापन झाले. मूळ प्रश्न ‘कोणत्या नात्याने’ असा होता, म्हणून सांगतो: वारशाने मिळालेल्या नात्यापेक्षा हे पत्करलेले नाते आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. पन्हाळ्यालाही २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले आहे. गडावर वस्ती असलेल्या आपल्या या गावाने माल्बोर्ककडून घेण्याजोगे असेल तर ते हेच, की नवा चिरा बसवायला हरकत नाही, पण तो नवा आहे हे दिसले पाहिजे आणि त्याची नोंद राहिली पाहिजे. साधा वाचक यांनी उल्लेखलेली ओरड मला यासाठीच योग्य वाटते, कारण आपल्याकडे बहुधा नोंदच नसते.

एक उदाहरण देतो. किल्ल्यातल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर चौदाव्या शतकातली, रंगीत काचेच्या तुकड्यांनी मढवलेली, आठ मीटर उंचीची मेरीची मूर्ती होती. गावाचे नावच मेरीवरून पडलेले, जर्मनमध्ये मारियनबुर्ग, त्याचेच पुढे माल्बोर्क झाले. १९४५ मध्ये ती मूर्ती नष्ट झाली आणि भिंतीतला तो कोनाडा सत्तर वर्षे रिकामा राहिला. २०१६ मध्ये जुन्या छायाचित्रांच्या आणि सापडलेल्या तुकड्यांच्या आधाराने ती पुन्हा उभी केली. ती नक्कल आहे की तीच मूर्ती आहे, हे आपण समोर उभे राहून ठरवावे.

उत्तर ५ : गांधीनगरचा

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. गांधीनगरमध्ये आमचे कापडाचे दुकान आहे, आणि आमचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून इथे आले. ही चर्चा वाचताना मला राहवले नाही, कारण ज्या वळिवडे छावणीचा उल्लेख सरांनी केला तिच्याच बराकींत आमच्या घराण्याचा कोल्हापुरातला संसार सुरू झाला. पोलिश लोक गेले आणि त्या जागेत सिंधी निर्वासित आले. आज कापड घ्यायला येणाऱ्या शंभर गिऱ्हाइकांपैकी एखाद्यालाच हे ठाऊक असते.

त्या छावणीत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकले होते, १९४२ मध्ये ती इराणमार्गे बाहेर पडली, आणि पुढच्या वर्षी वळिवड्याला आली. इथे त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभारले, नाटके बसवली, मुलांची बालवीर पथके चालवली. मला या चर्चेतून आज नव्याने उमजले ते असे की ही माणसे ज्या पूर्वेकडच्या प्रांतांतली होती, नेमक्या त्याच भागांतले लोक युद्धानंतर माल्बोर्कला वसवले गेले. म्हणजे वळिवड्याला राहिलेल्या बाईची शेजारीण, जिला सायबेरियाला नेले नव्हते, ती माल्बोर्कच्या एखाद्या जर्मनाने सोडलेल्या घरात राहायला गेली असण्याचा संभव आहे. छावणीतल्यांपैकी बरेच जण ब्रिटनला आणि इतर देशांत गेले, थोडे पोलंडला परतले, पण आपल्या मूळ गावी कोणालाच जाता आले नाही, कारण ते गाव आता पोलंडमध्ये राहिलेच नव्हते.

आमच्या आजोबांचेही गाव भारतात राहिले नाही. बराकीत आले तेव्हा खिळ्याला टांगलेले परक्या लिपीतले एखादे चित्र, भिंतीवरची अक्षरे, असले काही तिथे असेल का, याचा मी अनेकदा विचार करतो. माल्बोर्कमध्ये जर्मनांच्या घरांत शिरलेल्या पूर्वेकडच्या माणसांनाही काही दिवस तसेच वाटले असेल.

महावीर उद्यानातला पोलिशांचा स्मारकस्तंभ आणि २०१९ मध्ये वळिवड्याला उभारलेला स्तंभ सरांनी पाहिलेच असतील. पोलंडला जातच आहात तर वॉर्सामधले कोल्हापूर स्मारकही पाहून यावे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले होते.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझा गोंधळ बराच कमी झाला, आणि गांधीनगरच्या सद्‌गृहस्थांचे उत्तर तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. सौभाग्यवतींनी लगेच फर्मावले आहे की किल्ला तुम्ही पाहा, मी त्या तटाला खेटलेल्या इमारतींतल्या एखाद्या आजीशी बोलणार, भाषा येत नसली तरी चालेल. त्या वळिवड्याच्या स्तंभाचे छायाचित्र बरोबर घेणार आहेत. मुलाला दुभाषा म्हणून उभे राहावे लागेल.

शेवटची विचारणा बाल्टिककाठच्या आपल्या माणसाला: वेढ्याचा उत्सव जुलैमध्येच असतो असे मुलगा म्हणतो. त्या दिवशी जाणे सोयीचे, की टाळणे?

बाल्टिककाठचा कोल्हापुरी

काका, एक दिवस उत्सवाचा आणि एक दिवस शांततेचा, अशी विभागणी करा. उत्सवात १४१० च्या वेढ्याचा प्रयोग होतो, चिलखते घातलेले हौशी लोक देशभरातून येतात, तोफांचे बार होतात आणि लोहार, कुंभार, विणकर यांची दुकाने मांडलेली असतात. गर्दी आपल्या जोतिबाच्या यात्रेच्या पासंगालाही पुरणार नाही, पण किल्ल्याच्या आत त्या दिवशी निवांतपणे काही पाहता येत नाही. जवळच पोलिश हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे एखादे वेळी वेढ्याच्या ऐन रंगात डोक्यावरून लढाऊ विमान जाते. प्रेक्षक त्यालाही टाळ्या वाजवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच किल्ल्यात शिरा आणि कानाला लावून माहिती ऐकवणारे यंत्र अवश्य घ्या. वरचा, मधला आणि खालचा असे तीन किल्ले मिळून जागा एकवीस हेक्टर आहे, तेव्हा पायांत रोजच्या वापरातले बूट हवेत. दुपारी काकूंना लॅटिन शाळा दाखवा. संध्याकाळी लाकडी पादचारी पूल ओलांडून नोगातच्या पलीकडच्या काठावर बसा. जुलैमध्ये तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, विटांचा रंग आधी केशरी आणि मग डाळिंबासारखा होतो, आणि सगळी तटबंदी पाण्यात उतरते. जेवण बांधून नेले तर उत्तम, कारण त्या बाजूला फारसे काही मिळत नाही.